फळा दिसतो का? : डोळ्याची रचना, दृष्टिदोष आणि डोळ्यांची निगा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून एखादा ऐतिहासिक विषय अपेक्षित असणार, हे आम्ही जाणून होतो. तरीही आम्ही डोळा हा विषय निवडला. त्याचे कारण आमच्याच एका चुकीत आहे, आणि ती चूक प्रथम सांगणे आम्हांस उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी धरणाच्या काठावरील एका गावातून एक मुलगा आठवीत वसतिगृहात दाखल झाला. तोंडी प्रश्नांना तो चटकन उत्तरे देई. वहीत मात्र अर्धवट वाक्ये, चुकलेले सन आणि सुटलेल्या ओळी असत. तिसऱ्या बाकावर बसून फळ्यावरचे उतरवून घेताना तो सारखा शेजाऱ्याच्या वहीत डोकावे. दोनदा समज देऊनही सवय जाईना, तेव्हा आम्ही त्याला तेथून उठवून शेवटच्या बाकावर एकटे बसविले. पुढच्या चाचणीत तो नापास झाला आणि आपला निर्णय योग्यच होता, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

पुढे आरोग्य तपासणीसाठी पथक आले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला गेला. हा मुलगा वरच्या दोन ओळी वाचून थांबला. आम्ही त्याला विचारले, “फळ्यावरचं दिसत नाही, हे सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “मागं बसल्यावर कुणालाच दिसत नसंल, असं वाटलं, सर.”

त्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. ज्या मुलाला फळ्याजवळ आणायला हवे होते, त्याला आम्ही फळ्यापासून सर्वांत दूर बसविले होते. प्रस्तुत लेख त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

फळ्यापासूनचे अंतर

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतील दिवस सांगितले आहेत. इतर मुलांमध्ये बसण्याची मुभा त्यांना नव्हती. वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर त्यांना एकट्याने बसावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी गणित सोडविण्यासाठी त्यांना फळ्याजवळ बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुलांनी धावत जाऊन ते दूर सारले, ही हकीकत त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. आपल्या समाजाच्या इतिहासात फळा आणि मूल यांच्यातील अंतराला असा अर्थ आहे.

ते अंतर राज्यघटनेने, चळवळीने आणि आपल्या विद्यालयासारख्या संस्थांनी कमी केले. आपले मूल आज फळ्यासमोर बसते. परंतु समोर बसूनही त्याला अक्षर दिसत नसेल, तर त्याच्यापुरते ते अंतर कायमच राहिले. जुने अंतर लादणारे कोण होते, हे आपल्याला ठाऊक होते. हे नवे अंतर कोणी लादलेले नसते, म्हणून ते कोणाच्या ध्यानी येत नाही. मूल स्वतः तक्रार करीत नाही, कारण दृष्टी हळूहळू मंदावते आणि आपल्याला दिसते तसेच सर्वांना दिसत असावे, असे त्याला वाटते. घरी त्याला आळशी म्हणतात, शाळेत ‘ढ’ म्हणतात. काही वर्षांत तेही स्वतःला तसेच समजू लागते.

डोळा पाहतो कसा?

डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि ते वस्तूला जाऊन भिडले की वस्तू दिसते, असे प्राचीन काळी अनेक विद्वान मानीत. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी कैरो येथे राहणाऱ्या इब्न अल-हैथम या विद्वानाने हे मत खोडून काढले. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरतो, म्हणून वस्तू दिसते, असे त्याने प्रतिपादन केले. पुढे १६०४ मध्ये योहान्नेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने, वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागील पडद्यावर उलटी उमटते, हे स्पष्ट केले. तथागतांच्या उपदेशातही चक्षू, रूप आणि चक्षुविज्ञान ही तिन्ही एकत्र आली म्हणजे ‘स्पर्श’ घडतो, असे विवेचन येते. पाहणे ही एकट्या डोळ्याची करणी नसून अनेक कारणांच्या संयोगातून घडणारी क्रिया आहे, हा विचार धम्माच्या अभ्यासकाला नवा नाही.

प्रौढ माणसाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक आवरण असते, ते पारपटल. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ते इतके स्वच्छ राहते. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळविण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम पारपटलच करते. त्याच्या मागे रंगीत बुबुळ आणि बुबुळाच्या मध्यभागी बाहुली नावाचे छिद्र असते. लख्ख उन्हात ही बाहुली सुमारे २ मिलिमीटरपर्यंत आकुंचते आणि अंधारात ८ मिलिमीटरपर्यंत विस्फारू शकते. उन्हातून एकदम घरात शिरल्यावर क्षणभर काही दिसत नाही. बाहुली विस्फारण्यास आणि पडद्यावरील पेशी अंधाराला सरावण्यास लागणारा तो अवधी असतो.

बाहुलीच्या मागे लवचीक नेत्रभिंग असते. दूर पाहताना ते चपटे होते, जवळ पाहताना फुगीर होते. या क्षमतेला समायोजन म्हणतात. सामान्य डोळ्याला सुमारे २५ सेंटीमीटरपर्यंत जवळचे अक्षर ताण न पडता वाचता येते. भिंगातून गेलेला प्रकाश शेवटी दृष्टिपटलावर पडतो. या पातळ पडद्यात सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी आणि ६० लाख शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. दंडाकार पेशी मंद प्रकाशात उपयोगी पडतात, शंकूपेशी रंग आणि बारकावे टिपतात. या पेशींनी टिपलेले संदेश दहा लाखांहून अधिक तंतूंच्या दृक्‌मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. उलट्या प्रतिमेचा सुलट अर्थ मेंदू लावतो.

घरी एक प्रयोग करून पाहता येईल. खोलीत अंधार करून, उघड्या खिडकीसमोरील भिंतीजवळ एक बहिर्वक्र भिंग धरावे आणि पुढेमागे सरकवावे. एका ठिकाणी खिडकीबाहेरचे झाड भिंतीवर उलटे आणि स्पष्ट उमटेल. भिंग किंचित जरी सरकले तरी चित्र धूसर होते. दृष्टिदोष समजून घेण्यास एवढा प्रयोग पुरेसा आहे. भिंती आणि भिंग यांतील अंतर जुळले तर चित्र स्पष्ट, न जुळले तर धूसर.

दृष्टिदोष

नेत्रगोल लांबट झाला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. जवळचे स्पष्ट दिसते, फळा मात्र धूसर दिसतो. हा निकटदृष्टिता नावाचा दोष होय. नेत्रगोलाची लांबी अवघ्या १ मिलिमीटरने वाढली, तरी सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा नंबर लागतो. शाळेच्या वयात शरीर वाढते तसा डोळाही वाढतो. म्हणून हा दोष बहुधा याच वयात सुरू होतो आणि नंबर वाढत जातो. अंतर्वक्र भिंगाच्या चष्म्याने तो दूर होतो.

नेत्रगोल आखूड असेल, तर प्रतिमा दृष्टिपटलाच्या पलीकडे जुळते. ही दूरदृष्टिता. लहान मूल समायोजनाच्या जोरावर हा दोष झाकून नेते, पण वाचताना त्याचे डोके दुखते, ते पुस्तकाला कंटाळते. येथे बहिर्वक्र भिंग लागते. पारपटलाची गोलाई सर्व बाजूंनी सारखी नसेल, तर आडव्या आणि उभ्या रेषा एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. या दोषाला दृष्टिवैषम्य म्हणतात. देवनागरीच्या शिरोरेषा आणि काने वाचणाऱ्या मुलाला त्याचा किती त्रास होत असेल, याची कल्पना करता येईल. त्यासाठी दंडगोलाकार भिंग वापरतात. चाळिशीच्या आसपास नेत्रभिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचे अक्षर दिसेनासे होते. ती वृद्धदृष्टिता, म्हणजेच आपल्या बोलीतील ‘चाळिशी’.

यांशिवाय एक दोष असा आहे की त्यात वेळ हातून गेली तर ती परत मिळत नाही. एका डोळ्याचा नंबर मोठा असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या धूसर चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. डोळा बाहेरून निरोगी दिसतो, पण त्याची दृष्टी विकसितच होत नाही. त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही काळ झाकून आळशी डोळ्याला कामाला लावता येते. त्यानंतर यश मिळण्याची शक्यता कमी होत जाते. “तिरळेपणा भाग्याचा असतो” किंवा “मोठेपणी आपोआप जाईल” या समजुतींपायी मुलाची एका डोळ्याची दृष्टी आयुष्यभरासाठी जाऊ शकते.

फळ्याचे गणित

दृष्टी मोजण्याचा जो तक्ता आज सर्वत्र दिसतो, तो हर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये तयार केला. तपासणी ६ मीटर अंतरावरून करतात. ६/६ दृष्टी म्हणजे सामान्य माणसाला जे अक्षर ६ मीटरवरून वाचता येते, ते या माणसालाही ६ मीटरवरून वाचता येते. ६/३६ दृष्टी म्हणजे सामान्य माणूस जे अक्षर ३६ मीटरवरून वाचील, ते वाचण्यासाठी या मुलाला ६ मीटरवर यावे लागते.

तक्त्यातील ६ मीटरच्या ओळीचे अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते. ३६ मीटरच्या ओळीचे अक्षर त्याच्या सहापट, म्हणजे ५ सेंटीमीटरहून थोडे मोठे असते. आता आपल्या वर्गाचा विचार करू. आम्ही फळ्यावर लिहितो ते अक्षर सुमारे ४ सेंटीमीटर उंचीचे असते. ६/३६ दृष्टीच्या मुलाला २ मीटरवरील पहिल्या बाकावरून ते सहज वाचता येईल. ४ मीटरवरील तिसऱ्या बाकावरून ते जेमतेम लागेल, मात्रा आणि अनुस्वार सुटतील, आणि मूल शेजाऱ्याच्या वहीत पाहील. ६ मीटरवरील शेवटच्या बाकावरून त्याला काहीच वाचता येणार नाही. आमच्या विद्यार्थ्याची दृष्टी हीच होती. त्याच्या वहीतील चुकलेल्या सनांचा उलगडा आम्हांला या गणिताने झाला. ज्याला आम्ही कॉपी समजलो, तो फळ्यापर्यंत पोहोचण्याचा त्याच्याजवळचा एकमेव मार्ग होता.

शिक्षक आणि पालकांनी पुढील खुणांकडे लक्ष द्यावे. मूल डोळे बारीक करून पाहते काय, पुस्तक किंवा मोबाईल नाकाशी धरते काय, दूरदर्शन संचाच्या अगदी जवळ जाऊन बसते काय, एका बाजूला मान वाकवून पाहते काय, वाचताना ओळ सोडते काय, डोळे वारंवार चोळते काय, सायंकाळी डोके दुखते म्हणते काय? यांपैकी एक खूण जरी दिसली तरी डोळे तपासून घ्यावेत. एकेक डोळा झाकून, भिंतीवरील दिनदर्शिकेतील आकडे दोन्ही डोळ्यांनी सारखेच दिसतात का, एवढे पाहणे तर कोणत्याही घरी शक्य आहे. आपण मुलाची दृष्ट काढण्यास विसरत नाही. दृष्टी तपासण्यास मात्र विसरतो.

तपासणीसाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. दृष्टिदोषांची तपासणी हा त्याचा भाग आहे. मुळशीकरांना पौडचे ग्रामीण रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय यांचा आधार आहे.

आपल्या परिसरातील धोके

मुळशी हा पावसाचा, भाताचा आणि डोंगराचा मुलूख आहे. येथील डोळ्यांना असलेले धोकेही येथल्या जीवनातूनच येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस राब भाजताना उठणारा धूर आणि घरातील चुलीचा धूर डोळ्यांची आग करतो. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला तो वर्षभर येतो. भाताची कापणी आणि झोडणी चालू असताना पात्याचे टोक किंवा तूस डोळ्यात जाते. पारपटलावर बारीकसा ओरखडा उठतो आणि त्यात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी डोळा चोळू नये. त्यात मध, दूध, एरंडेल, तूप असे काहीही घालू नये. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंबही घालू नयेत, कारण त्यांत स्टिरॉइड असल्यास अशी जखम चिघळते. स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुडीविषयी विशेष सांगावेसे वाटते. लहान मूल ती दाबते, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा तीव्र दाहक पदार्थ आहे. काही मिनिटांत तो पारपटल भाजून पांढरे करतो. डॉक्टरकडे धावण्याआधी निदान अर्धा तास डोळ्यावर स्वच्छ पाण्याची सतत धार धरावी, पापण्या उलगडून चुन्याचे कण धुऊन काढावेत आणि मगच रुग्णालयात न्यावे. येथे पहिली काही मिनिटे औषधापेक्षा मोलाची असतात.

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ येते. जुलै २०२३ मध्ये आळंदीत आणि पुढे पुणे जिल्ह्यात अशी मोठी साथ पसरल्याचे अनेकांना आठवत असेल. ही साथ रुग्णाकडे नुसते पाहिल्याने पसरत नाही. ती हात, टॉवेल, उशी आणि रुमाल यांमधून पसरते. वसतिगृहात तर एका टॉवेलाने संपूर्ण खोली आजारी पडू शकते. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असणे आणि साबणाने हात धुणे हाच खरा उपाय आहे. आपल्या आज्या ज्या खुपऱ्यांनी हैराण होत, तो रोग अस्वच्छतेतूनच पसरे. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. स्वच्छ पाणी, स्वच्छता आणि औषध सर्वांपर्यंत पोहोचले तर पिढ्यान्‌पिढ्यांचा रोग जातो, याचा हा पुरावा आहे. एकेकाळी सार्वजनिक पाणवठ्याचा हक्कच नाकारला गेलेल्या समाजाला याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

आहाराबाबत एवढेच की, अ जीवनसत्त्वाच्या अभावी प्रथम रातांधळेपणा येतो आणि अभाव तीव्र असेल तर पारपटल विरघळून दृष्टी कायमची जाते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आरोग्य केंद्रातून मिळणारा या जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नये. शेवग्याचा पाला, हिरव्या पालेभाज्या, लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा ही त्याची स्वस्त भांडारे आपल्या परसातच आहेत. काजळाने डोळे मोठे होत नाहीत आणि दृष्टीही वाढत नाही. बोटावरची घाण मात्र डोळ्यात जाते.

मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर भिरा येथे १९२७ पासून तयार होणारी वीज मुंबईला गेली. काठावरच्या गावांतील कित्येक पिढ्या चिमणीच्या उजेडात राहिल्या. त्या उजेडात वाचल्याने डोळे बिघडतात, असे पूर्वी म्हणत. मंद उजेडात डोळे थकतात, हे खरे. पण त्याने डोळ्यांना कायमची इजा होत नाही. आजचा धोका वेगळा आहे. सतत जवळचे पाहणे आणि घराबाहेर न पडणे यांमुळे निकटदृष्टितेचे प्रमाण जगभर वाढत आहे. दिवसाला सुमारे दोन तास मोकळ्या प्रकाशात घालविणाऱ्या मुलांत हा दोष सुरू होण्याचे प्रमाण कमी आढळते. तैवानने २०१० पासून शाळांतून रोज १२० मिनिटे घराबाहेर घालविण्याचा कार्यक्रमच राबविला. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आपल्या मुलांना हे औषध फुकट उपलब्ध आहे. संध्याकाळचे मैदान बंद करून त्याजागी जादा तास ठेवण्याचा आग्रह पालकांनी धरू नये, अशी आमची विनंती आहे. मोबाईलवर किंवा संगणकावर काम करताना दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे आणि डोळ्यांची उघडझाप आठवणीने करावी. पडद्याकडे टक लावली की ती बरीच कमी होते आणि डोळे कोरडे पडतात.

चाळिशीनंतरचे डोळे

आमचे पहिले विद्यार्थी आता स्वतः चाळिशी-पन्नाशीत आले आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. मोतीबिंदू म्हणजे नेत्रभिंग गढूळ होणे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आहे. हे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होते. १९४९ मध्ये हॅरोल्ड रिडली या इंग्रज शल्यविशारदाने डोळ्यात प्रथम कृत्रिम भिंग बसविले. आज ही शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत होते आणि त्यासाठी मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहावी लागत नाही. काचबिंदूचे तसे नाही. त्यात डोळ्यातील दाबामुळे दृक्‌मज्जातंतू सुकत जातो, कडेची दृष्टी प्रथम जाते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, घरात कोणाला काचबिंदू असल्यास तर अवश्य.

तिसरा विषय मधुमेहाचा. परळच्या चाळीतील एका खोलीत पहाटे दोन वाजता उठून रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास करणारा विद्यार्थी पुढे जगातील मोठ्या विद्वानांपैकी एक झाला. त्या बाबासाहेबांना १९४८ पासून मधुमेहाने ग्रासले होते. १९५४ मध्ये ते कित्येक महिने अंथरुणाला खिळले होते आणि त्यांची दृष्टी मंदावली होती. तशा अवस्थेत त्यांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पूर्णत्वास नेला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्यानंतर १९५७ मध्ये तो ग्रंथ प्रकाशित झाला. ज्यांचे सारे आयुष्य ग्रंथांवर उभे होते, त्यांना अक्षर धूसर होताना काय यातना झाल्या असतील, हे वाचणाऱ्या प्रत्येकास कळेल. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात. आरंभी काहीच जाणवत नाही. त्या अवस्थेत लेसर किंवा इंजेक्शनचे उपचार दृष्टी वाचवितात. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी वर्षातून एकदा बाहुली विस्फारणारे थेंब घालून डोळ्याचा मागील पडदा तपासून घ्यावा. चष्म्याच्या दुकानातील नंबर तपासणीत हे कळत नाही. बाबासाहेबांच्या काळी हे उपचार नव्हते. आज ते उपलब्ध असताना आपण हयगय करणे योग्य नव्हे.

चष्म्याची लाज

आमच्या त्या विद्यार्थ्याला चष्मा लागला, तेव्हा त्याच्या आईने विचारले, “सर, चष्मा लागला म्हंजी पोरगं अधू झालं का?” आम्ही म्हणालो, “ताई, पायात चप्पल घातली म्हणून पाय अधू होतो का?” त्या हसल्या, पण त्यांची शंका अनेकांच्या मनात असते. चष्मा वापरल्याने नंबर वाढतो, हा समज चुकीचा आहे. नंबर वाढतो तो डोळ्याच्या वाढीमुळे. चष्मा न वापरल्याने अभ्यास मात्र बुडतो.

मुलींच्या बाबतीत ही लाज अधिक जाचते. लग्नात अडचण येईल म्हणून चष्मा दप्तरातच ठेवणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींना अक्षर दिले. ते अक्षर स्पष्ट दिसण्याची साधी काच आपण नाकारावी, हे त्यांच्या वारसांना शोभत नाही.

दृष्टीचे दान

शिबी राजाने अंध याचकाला आपले डोळे दिल्याची जातककथा अजिंठ्याच्या भिंतींवर चित्रित झाली आहे. त्यातील चमत्कार बाजूला ठेवावा आणि दानाचा आशय घ्यावा. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्व्हा यांनी १९६१ मध्ये नेत्रदान संस्था स्थापिली. दानपारमितेचा संस्कार असलेल्या त्या बौद्ध देशाने अनेक देशांतील अंधांना पारपटले पुरविली. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करावे लागते. मृताचे डोळे मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला कळवावे. वयाची अट नाही. चष्मा असणाऱ्यांचे किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचे पारपटलही चालते. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. कुटुंबीयांशी आधी बोलून ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे, कारण त्या घटकेला निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो.

शेवटी

आता आम्ही दर जून महिन्यात बाकांची व्यवस्था ठरविण्यापूर्वी वर्गातील प्रत्येक मुलाला ६ मीटरवरून तक्ता वाचायला लावतो. त्यास एक तास पुरतो. ज्याला कमी दिसते, तो चष्मा येईपर्यंत पहिल्या बाकावर बसतो. शिक्षा म्हणून कोणालाही मागे बसवायचे नाही, हा नियम आम्ही स्वतःपुरता त्या वर्षीच केला.

तो मुलगा चष्मा लागल्यावर पहिला आला, असे आम्ही सांगणार नाही. तसे घडले नाही. परंतु त्याने शेजाऱ्याच्या वहीत पाहणे सोडले, त्याच्या वहीत सन बरोबर येऊ लागले आणि दहावीला तो स्वतःच्या अक्षरांवर उत्तीर्ण झाला. आमच्या लेखी तेवढे पुरेसे आहे.

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील शाळेत असा एक तक्ता लावावा आणि वर्षातून एक तास त्यासाठी द्यावा. पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, “अभ्यास का करीत नाहीस?” हा प्रश्न मुलाला विचारण्यापूर्वी “फळा दिसतो का?” हा प्रश्न एकदा अवश्य विचारावा. आम्ही तो वेळेवर विचारला नाही. आपण विचारावा.

जय भीम! नमो बुद्धाय!